बाळ नसलेला पाठ

"बाळ नसलेलं एखादं पुस्तक हाय काय?"

सदरमधल्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानात सीलास बनसोडने हे विचारलं, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला आणि गिऱ्हाइकाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. अंगात खाकी, खांद्याला कंडक्टरची चामडी पिशवी, डोळे तारवटलेले. त्र्याहत्तर सालचा नोव्हेंबर संपत आला होता. फळीवर आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, घरगुती उपासनेच्या पुस्तिका मांडून ठेवल्या होत्या. एकूण एक पुस्तिकेच्या वेष्टनावर गुलाबी गालाचं बाळ गवतावर पडून हसत होतं.

"नाताळाच्या पुस्तकात बाळ नोको?" दुकानदार म्हणाला. "तुमी नवरदेवाबिगर लग्न लावता काय भाऊ?"

दुकानातली दोन माणसं हसली. सीलासही हसला, कारण हसला नसता तर तिथेच रडला असता. मग काहीच न घेता तो बाहेर पडला.

सीलास सीताबर्डी ते हिंगणा या गाडीवर कंडक्टर होता. सकाळच्या पाळीला कामगारांनी खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या दाराशी उभा राहून तो 'पुढं सरका' म्हणाला की ड्रायव्हरसुद्धा सीटवर जरा पुढे सरकायचा, असा त्याचा आवाज. रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला उतारा वाचणं, त्याच्याकडेच असायचं. बायका म्हणायच्या, सीलासभाऊ वाचतात तेव्हा पोरं रडत नाहीत. मागच्या वर्षापासून मात्र त्याने चर्चमध्ये वाचलं नव्हतं. कोणी आग्रहही केला नव्हता.

आगमनकाळ लागला की सक्करदऱ्याच्या तळ्यामागे जी ख्रिस्ती घरं होती त्यांत घरसभा सुरू व्हायच्या. आज या घरी, उद्या त्या घरी. सतरंज्या अंथरायच्या, ढोलकी-झांजांवर भजनं म्हणायची, मग शास्त्राचा पाठ, प्रार्थना आणि शेवटी चहा-चिवडा. पाठ कोणता वाचायचा ते त्या घरच्या कर्त्याने निवडायचं आणि आधीच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगायचं, असा रिवाज. दिसायला साधी गोष्ट, पण मंडळीतले लोक काही कमी नव्हते. कोणी काय निवडलं यावरून त्या घरात काय शिजतंय ते ताडलं जायचं. क्षमेचा पाठ घेतला म्हणजे भावाभावांत वाजलं, धीराचा घेतला म्हणजे पोरीचं कुठे जुळत नाही. आणि सभाच नको म्हणणारं घर तर देवावर रुसलं असंच धरलं जायचं. मग मधुकरराव समजूत घालायला यायचे. मधुकरराव हे मंडळीचे वडील, चर्चच्या कारभारातलं सगळ्यात जुनं खोड. एकदा यायचे, दोनदा यायचे, आणि तिसऱ्यांदा येताना पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सोबत घेऊन यायचे.

सीलासच्या घरात काय शिजत होतं ते ताडायची कोणाला गरज नव्हती. मागच्या वर्षी याच दिवसांत त्याचा चौदा महिन्यांचा नथनेल गेला होता. घरात त्याला नथू म्हणायचे. दोन महिन्यांचा होता तेव्हा चर्चच्या नाताळाच्या नाटकात तोच बाळ झाला होता, आणि दर्शनाला येऊन वाकून पाहणाऱ्या राजाची कापसाची दाढी मुठीत धरून बसला म्हणून सगळं चर्च हसलं होतं. पुढच्या आगमनकाळात त्याला घटसर्प झाला. धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत घसा बंद होत आला होता. नाताळाच्या सकाळी लोक नवे कपडे घालून चर्चला निघाले तेव्हा सीलास आणि एस्तेर, त्याची बायको, घरात भिंतीला टेकून बसले होते. कोणी आत डोकावलं नाही. डोकावून तरी काय बोलणार होते?

त्यानंतर सीलासने एक काम झपाट्याने केलं. पाळणा, झबली, खुळखुळा, सगळं बांधून कामठीला बहिणीकडे पोचतं केलं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, तिसरीत शिकणाऱ्या थोरल्या जयालासुद्धा बजावून ठेवलं, की आईपुढे त्याचं नाव काढायचं नाही. तो स्वतःही काढत नसे. जखमेला हात लावला नाही की ती आपोआप भरते, असं त्याला मनापासून वाटत होतं. बिचाऱ्याने हे सगळं प्रेमापोटी केलं, म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

एस्तेर हळूहळू गप्प होत गेली. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, जयाची वेणी घालायची, पण विचारल्याशिवाय बोलायची नाही. ऑगस्टात तळं तुडुंब भरलेलं असताना ती एका संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभी सापडली. शेजारच्या प्रयागबाईने तिला हाताला धरून घरी आणलं. "पाय धुऊन राहिली होती," एस्तेर एवढंच म्हणाली. ही प्रयागबाई म्हातारी, छप्पन सालच्या दीक्षेपासून बुद्धाची, पण भजनांची भारी शौकीन. ख्रिस्ती घरसभेतही पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसायची. तिने सीलासला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबू, पाय कोणी पदर खोचल्याबिगर धुते काय? हिच्यावर नजर ठेव."

तेव्हापासून सीलास गाडीत तिकिटं फाडायचा आणि जीव त्याचा घराच्या उंबऱ्यावर असायचा. रात्री कडी लावली की तो खाटेऐवजी दाराला आडवा झोपायचा. कंबर धरायची, पण दार उघडायचं तर आधी त्याला ओलांडावं लागलं असतं.

आणि आता आगमनकाळ आला होता. मधुकरराव घरसभेचं विचारून गेले त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता एस्तेर म्हणाली, "ठेवा सभा. मी नाही म्हनत नाही. पण जयाचे बाबा, एक सांगून ठेवतो. या घरात पाळण्यातल्या लेकराचं वाचलं, तर मी उठून जाईन. मंग मले शोधाले येऊ नोका."

"कुठं जाशील वं?"

तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तिने उलटली नाही. ती माहेरी हिंगणघाटला जायचं म्हणत नव्हती, हे सीलासला न सांगता कळलं.

सभा नाकारायची तरी सोय नव्हती. नाकारली की पाळकसाहेब समजावायला येणार, आणि या दिवसांत पाळकसाहेबांचं समजावणं फिरून फिरून त्या गव्हाणीत जन्मलेल्या बाळापाशीच येऊन थांबणार. त्यापेक्षा पाठ आपल्या हाताने निवडलेला बरा. सीलासने मनाशी ठरवलं, अख्ख्या शास्त्रात एक तरी पाठ असा असेलच ज्यात तान्हं मूल नाही, आणि तो आगमनकाळात वाचला तर कोणी नावंही ठेवणार नाही. तो सापडला तर एस्तेर वाचेल. नाही सापडला तर... तिथून पुढचा विचार तो करत नसे.

हिंगण्याला गाडी रिकामी झाली की तो मागच्या बाकावर बसून लहान शास्त्र उघडायचा आणि डोळ्यांनी भराभर शोधायचा. संदेष्ट्यांची वचनं काढली. ती सगळी बाळाच्या वाटेकडेच डोळे लावून बसलेली. मंदिरातल्या मुक्या झालेल्या म्हाताऱ्या याजकाची गोष्ट काढली. तर त्याच्या म्हातारीला त्या वयात मूल होतं. ही गोष्ट एस्तेरपुढे वाचायची? सीलासने पान असं उलटलं की फाटायचंच राहिलं. स्तोत्रांत मनाला विसावा मिळेल म्हणून तिकडे वळला, तर तिथे एक लेकरू आईच्या मांडीवर निवांत पडलेलं. शेवटी त्याने जगाच्या अंताचा पाठ काढला. सूर्य काळवंडतो, तारे गळून पडतात, मोठमोठे दगड निखळतात. हा बरा, त्याला वाटलं, यात सगळं मोडकळीला आलंय, आपल्या घरासारखंच. पाळकसाहेबही म्हणतात की आगमनाच्या पहिल्या रविवारी पूर्वी हेच वाचायचे. तो उत्साहाने खाली वाचत गेला, आणि त्या प्रलयाच्या मधोमध अंगावर पाजणाऱ्या बायांचा उल्लेख आला. जगाचा अंत झाला तरी तान्ह्या लेकराची सुटका नव्हती. त्याने शास्त्र मिटून पिशवीत कोंबलं आणि रिकाम्या गाडीत दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आला.

एकदा पाळकसाहेबांनाही विचारून पाहिलं. भला माणूस. त्यांनी सीलासच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, त्याच बाळाकडे बघून तिचं दुःख हलकं होईल. टाळताय कशाला?"

"साहेब, तुमी तिले पाण्यात उभी पाह्यली नाही," सीलास म्हणाला. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे प्रार्थना केली. सीलासने डोळे मिटले होते खरे, पण मिटल्या डोळ्यांपुढे त्याला तळंच दिसत होतं.

आणि मग, पाठ सांगायच्या आदल्याच दिवशी, त्याला तो सापडला. शुभवर्तमानाच्या अगदी पहिल्या पानावर, इतका समोर की कोणाचं लक्ष जाऊ नये. वंशावळ! पिढ्यान्‌पिढ्यांची जड जड नावं, त्या बाळाच्या पूर्वजांची, एकाखाली एक. लहानपणी रविवारच्या शाळेत ही लागली की सगळी पोरं पेंगायची. मंडळीत ती कोणी निवडत नसे, पण गोष्ट तर नाताळाचीच. आक्षेप कोण घेणार? शेवटी ज्याच्यासाठी ती लिहिली त्याचंही नाव येत होतं, पण नुसतं नाव. गव्हाणी नाही, पाळणा नाही, त्याच्या आईने, मरीयेने, पदराखाली घेतलं असं काही नाही. ते नाव आपण घाईघाईत उरकून टाकू, असं त्याने ठरवलं. डोळ्यांनी दोनदा वाचून काढली आणि किती तरी दिवसांनी त्याला भूक लागली.

रविवारी त्याने उभं राहून पाठ सांगितला तेव्हा मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली. मधुकरराव मात्र खूश. "लय वर्षांनी कोणी घेतला गा," ते म्हणाले. "पण एक ध्यानात ठेव, यातली नावं गाळायची नसतात. पुरा वाचला पाहिजे."

शनिवारी संध्याकाळी बनसोडांच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. सतरंजीवर पहिल्या रांगेत प्रयागबाई, तिच्या शेजारी पाळकसाहेब, भिंतीशी खुर्चीवर मधुकरराव, मांडीवर त्यांचं मोठ्या अक्षरांचं शास्त्र. भजनं झाली. एस्तेर आतल्या खोलीच्या दारात बसली होती, जया तिला चिकटून. मागचं दार आतल्या खोलीतच होतं, आणि ते दार तळ्याच्या बाजूला उघडत होतं. सीलासने तिला बाहेर येऊन बसायला दोनदा खुणावलं. ती हलली नाही.

तो उभा राहिला आणि वाचू लागला. पहिली दोन-तीन नावं नीट गेली. मग त्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर पडला. अमक्याला तमका झाला. तमक्याला फलाणा झाला. फलाण्याला आणखी कोणी झाला. डोळ्यांनी वाचताना ती नुसती नावं होती. तोंडाने वाचायला लागल्यावर ओळीओळीला एक मूल जन्माला येत होतं. हे आधी कसं कळलं नाही? गाडीत ओठ हलवून एकदा जरी वाचलं असतं! एक पाळणा टाळायच्या नादात त्याने जगातले सगळे पाळणे आपल्या हाताने घरात आणून मांडले होते.

थांबावं तर मधुकररावांचं बोट ओळीवरून पुढे सरकत होतं. तो घाई करू लागला. मधुकररावांनी मान वर करून डोळे वटारले. अमुक राजाला अमुक झाला. झाला, झाला, झाला. मंडळी माना डोलवत होती, एक-दोघांना पेंग आली होती. सीलासने पानावरून नजर चोरून दाराकडे पाहिलं. एस्तेरचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने जयाचा हात हळूच सोडवला आणि ती उठली.

झालं, सीलासला वाटलं. आता ही मागच्या दाराने जाणार. मधे बसलेल्या माणसांना तुडवत मला तिथवर पोचता येणार नाही. त्याचं तोंड मात्र आपलं वाचतच राहिलं.

"थांबा," एस्तेर म्हणाली.

ती मागे गेली नव्हती. बसलेल्या माणसांतून वाट काढत पुढे आली होती. पेंगणारेही जागे झाले.

"पाळकसाहेब," तिने विचारलं, "यातल्या कोनाचंच लेकरू लहानपनी गेलं नाही काय?"

पाळकसाहेब गोंधळले. "गेलं असेल ना, बाई. पण ही वंशावळ आहे. ज्यांचा वंश पुढे चालला त्यांचीच नावं यात येतात."

"म्हंजे जे गेलं, ते झालंच नाही?" एस्तेरचा आवाज चढला. "माह्या नथू झालाच नाही?"

वर्षभरात ते नाव त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं.

मग प्रयागबाई बोलली. तिला बिचारीला वाटलं, ख्रिस्ती लोकांच्या या पाठात आपापल्या लेकरांची नावं सांगायची पद्धत असेल. "झाला ना वं, काहून नाही झाला?" ती म्हणाली. "मीच तर होती बाळंतपनाले. मलेबी दोन झाले होते. एक लहानू. आन् एक पोरगी, तिचं नाव ठेवाचं राहूनच गेलं."

तिला कोणी थांबवलं नाही. खुर्चीतून मधुकररावांचा घोगरा आवाज आला. बोट अजून त्याच ओळीवर होतं. "मले एक झाली होती. कृपा. सहा दिवस होती." त्यांच्या घरातल्या माणसांनाही हे ठाऊक नसावं, कारण त्यांची सून त्यांच्याकडे पाहतच राहिली. मागून एक बाई म्हणाली, "माह्या सुधीर." आणखी एक म्हणाली, आणि तिने तोंडात पदर कोंबला.

एस्तेर सीलाससमोर उभी होती. "आता तुमी घ्या," ती म्हणाली.

"एस्तेर, लोकं बसले हायेत..."

"बसू द्या. साल झालं, जयाचे बाबा. तुमी त्याचा पाळना नेला, झबले नेले, नाव नेलं. जयाच्या तोंडालेबी कुलूप लावलं. मी तुमच्याकडं पाहाची, का आज घेईन हा मानूस नाव, उद्या घेईन. मले वाटे, मी येडी झाली. मले कोनी झालंच नोतं, आन् मी उगाच रडून राहिली. घरात माह्या लेकराचं नाव नाही, आन् दुसऱ्याच्या लेकराचे गाने आयकू? म्हनून म्हनलं होतं, उठून जाईन."

सीलासला आता कुठे उमगलं. वर्षभर तो तिला वाचवत होता, दाराला आडवा झोपत होता, आणि तिला पाण्याकडे ढकलत होता तोही तोच. ही जखम तिची म्हणून त्याने झाकली. खरं तर ते नाव ऐकायची छाती त्याची स्वतःची नव्हती. आता काहीच लपवता येत नव्हतं. त्याने शास्त्राच्या कडा घट्ट धरल्या आणि त्या ओळींच्याच चालीवर म्हणायला गेला, "सीलासले..." पुन्हा सुरुवात केली. "सीलासले नथनेल झाला."

"आयकू नाही आलं गा," मधुकरराव म्हणाले. म्हातारा कानाने अधू होता, पण त्या वेळी फक्त कानामुळे म्हणाला असेल असं नाही. "नीट वाच."

"सीलासले नथनेल झाला!" सीलास ओरडला, आणि मांडी मोडून खाली बसला. भर सभेत, पाळकसाहेबांसमोर, सतरंजीवर कपाळ टेकून तो असा रडला की प्रयागबाईने लहान पोराला थोपटतात तसं त्याच्या पाठीवर थोपटलं. जया आतून धावत आली. "बाबा, मी म्हनू काय नथू?" तिने विचारलं, आणि कोणी हो म्हणायच्या आत नथू, नथू असं म्हणत त्याला बिलगली.

एस्तेर रडली नाही. खाली पडलेलं शास्त्र तिने उचललं, पदराने पुसलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवून त्याच्याशेजारी बसली.

"घ्या," ती म्हणाली. "आता वाचा पुढं. त्या मरीयेच्या लेकराचंबी वाचा, आयकतो मी. तिचंबी क्रुसावर गेलंच ना."

सीलास ओल्या डोळ्यांनी ओळ शोधू लागला.